वासाचा माग: स्प्रिंगटेल बुरशी कशी शोधतात हे स्वतः तपासून पाहा

मातीच्या आत गडद अंधार असतो. तिथे राहणाऱ्या स्प्रिंगटेल या एक-दोन मिलिमीटरच्या प्राण्याला अन्न दिसत नाही. पुष्कळ जातींना तर डोळेच नसतात. तरीही बुरशीचा तंतू कुठे वाढतोय, तो ताजा आहे की जुना, खाण्याजोगा आहे की विषारी, याचा अंदाज हे प्राणी बऱ्याचदा दुरूनच घेतात आणि त्यासाठी वासाचा आधार घेतात. स्वीडनमधल्या लुंड इथल्या संशोधकांनी 1988 साली बुरशीचा वास स्प्रिंगटेलना ओढून घेतो, हे प्रयोगाने दाखवलं. तेव्हापासून हा विषय बराच पुढे गेला आहे. पण मूळ प्रयोग इतका सुटसुटीत आहे, की शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा घरातल्या टेबलावरही तो नीट करता येतो.

त्यातला ‘नीट’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. प्राणी कोणत्या बाजूला गेले हे मोजायला फारसं काही लागत नाही. ते वासामुळेच गेले, ओलाव्यामुळे, अंधारामुळे किंवा एकमेकांच्या मागे नव्हे, हे दाखवायचं तर बारकाईने काम करावं लागतं. या लेखातला बराचसा भाग त्याच बारकाव्यांचा आहे.

आधी प्राण्याची ओळख

स्प्रिंगटेलना सहा पाय असतात, पण आजच्या वर्गीकरणात त्यांना कीटकांत धरत नाहीत. कीटकांचे ते जवळचे नातेवाईक. बहुतेक जातींच्या पोटाखाली दुमडून ठेवलेली एक दुभंगलेली शेपटी असते. धोका वाटला की ती सुटते आणि प्राणी टुणकन उडतो. मातीत खोल राहणाऱ्या काही जातींना ही शेपटी नसते, त्यामुळे ‘उडत नाही म्हणजे स्प्रिंगटेल नाही’ असं समजू नका. त्यांच्याबरोबर नेहमी सापडणारे माईट, म्हणजे कोळ्यांच्या गटातले बारीक जीव, ओळखायला सोपे: त्यांना आठ पाय असतात आणि स्पर्शिका नसतात.

वास घेणारे अवयव मुख्यतः स्पर्शिकांवर असतात. स्पर्शिकेचे चार भाग असतात आणि टोकाकडच्या दोन भागांवर सूक्ष्म संवेदी केस आणि खळगे दाटलेले असतात. अनेक जातींत स्पर्शिकेच्या मुळामागे आणखी एक छोटा अवयव असतो. तोही रसायनं ओळखत असावा, असं त्याच्या रचनेवरून दिसतं. गंमत म्हणजे कीटकांकडे गंध ओळखणाऱ्या प्रथिनांचं जे मोठं कुटुंब आहे, ते स्प्रिंगटेलकडे नाही. त्यांचं काम त्याहून जुन्या प्रथिनांच्या कुटुंबांवर चालतं.

प्रयोगशाळांची आवडती जात म्हणजे फोल्सोमिया कँडिडा. पांढरी, बिनडोळ्यांची, आणि नराशिवाय अंडी घालणारी. मातीतल्या विषारी द्रव्यांच्या प्रमाणित चाचण्यांतही हीच जात वापरतात. ती मिळाली तर काम हलकं होतं. नाही मिळाली तर जमिनीतून गोळा करा.

प्राणी गोळा करणं

पालापाचोळ्याचा वरचा कोरडा थर बाजूला सारा. त्याखाली पानं काळपट, चिकटलेली, पांढऱ्या तंतूंनी विणलेली दिसतील. हवा तो थर हाच. दोन मुठी पुरतात.

त्यातून प्राणी वेगळे करायची जुनी, खात्रीची पद्धत म्हणजे फनेल. अँतोनियो बर्लेसे या इटालियन शास्त्रज्ञाने ती 1905 मध्ये मांडली. त्याने गरम पाण्याची उष्णता वापरली होती. पुढे टुलग्रेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याऐवजी दिवा लावला. रुंद तोंडाच्या फनेलमध्ये दोनेक मिलिमीटर भोकांची जाळी बसवा, तिच्यावर पालापाचोळा पसरा आणि वर कमी वॉटचा, उष्णता देणारा बल्ब टांगा. एलईडी दिवा चालणार नाही. तो पुरेसा तापत नाही. पाला वरून हळूहळू सुकत जातो तसे प्राणी ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि फनेलच्या नळीतून खालच्या भांड्यात पडतात. घाई करून दिवा जवळ आणलात तर ते वाटेतच वाळून मरतात. दोन ते पाच दिवस द्या. संग्रहासाठी नमुने घेणारे खालच्या भांड्यात अल्कोहोल ठेवतात. आपल्याला प्राणी जिवंत हवेत, म्हणून तिथे ओलसर प्लॅस्टरचा थर असलेली डबी ठेवायची.

फनेल नसेल तर आणखी एक युक्ती आहे. पालापाचोळा पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडवून हलकेच ढवळा. स्प्रिंगटेलची त्वचा पाण्याला चिकटू देत नाही, त्यामुळे ते वर येऊन तरंगतात आणि कागदाच्या कपट्याने अलगद उचलता येतात.

जमवलेल्या गर्दीतून एकच प्रकार निवडा. रंग, आकार, स्पर्शिकांची लांबी भिंगातून जुळवून पाहा. दोन जातींची आवड सारखी असेलच असं नाही; एकाच मातीत शेजारी राहणाऱ्या दोन जाती बुरशीच्या वासांत वेगवेगळी निवड करतात, असं प्रयोगांत आढळलं आहे. जाती मिसळल्या तर दोन विरुद्ध आवडी एकमेकींना खाऊन टाकतात आणि हाती शून्य येतं.

वाढवण्याची डबी

नऊ भाग प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि एक भाग कोळशाची पूड वजनाने घ्या, ओतता येईल इतपत पाणी घाला आणि घट्ट झाकणाच्या डबीत सेंटिमीटरभर थर ओता. पूड मिसळताना नाकावर मास्क बांधा, आणि उरलेलं मिश्रण सिंकमध्ये ओतू नका. ते नळीत दगड होऊन बसतं. थर वाळला की पाणी शिंपडून पूर्ण भिजवा, पण वर पाणी साचू देऊ नका. कोळशामुळे पांढरे प्राणी काळ्या जमिनीवर ठळक दिसतात आणि विष्ठेतून निघणारे वायूही काही प्रमाणात शोषले जातात.

अन्न म्हणून सुक्या यीस्टचे चार-पाच दाणे पुरतात. त्यावर दोन दिवसांत इतर बुरशी चढली तर अन्न जास्त झालं असं समजा आणि उरलेलं काढून टाका. डबी 20 अंश सेल्सियसच्या आसपास, अंधारात ठेवा; आठवड्यातून एकदोनदा झाकण उघडून हवा बदला. फोल्सोमियाची अंडी या तापमानाला साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात, आणि काही आठवड्यांत प्रयोगाला पुरून उरतील इतके प्राणी तयार होतात.

यीस्ट हीही एक बुरशीच आहे हे विसरू नका. जे प्राणी तिच्यावर वाढले, त्यांना तिचा वास ओळखीचा असणार. म्हणून मुख्य चाचणीत यीस्ट आमिष म्हणून वापरू नये.

मैदान

इथे माझं मत थोडं ठाम आहे. वासाच्या प्रयोगांची पुस्तकी साधनं म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारखी नळी आणि तिच्यातून सोडलेला हवेचा झोत. उडणाऱ्या कीटकांसाठी ती उत्तम. मातीत मात्र वारा नसतो. तिथे वासाचे रेणू छिद्रांमधल्या स्थिर हवेतून आपोआप पसरत जातात. छिद्रं पाण्याने भरली की हे पसरणं जवळपास थांबतं, कारण वायूंचं विसरण हवेपेक्षा पाण्यात साधारण दहा हजार पटींनी मंद असतं. म्हणून मातीतल्या प्राण्यासाठी पहिला प्रयोग स्थिर हवेत, झाकलेल्या पेट्री डिशमध्ये, म्हणजे झाकणाच्या उथळ गोल बशीत करावा. झोताची नळी नंतर.

नऊ सेंटिमीटरची पेट्री डिश घ्या. समोरासमोरच्या कडांजवळ बाटलीची दोन सारखी छोटी टोपणं उताणी ठेवा आणि त्यांच्याभोवती प्लॅस्टर असं ओता, की टोपणांच्या कडा जमिनीशी समपातळीत येतील. या प्लॅस्टरमध्ये कोळसा घालू नका. वाढवण्याच्या डबीत जो उपयोगी, तोच इथे घातक: कोळसा वास शोषून घेतो आणि आपण जे मोजायला निघालो तेच तो गिळतो. काळी पार्श्वभूमी हवी असेल तर काळ्या आयर्न ऑक्साइडची चिमूट मिसळा.

दोन्ही टोपणांवर बारीक विणीची नायलॉन जाळी ताणून बसवा. स्क्रीन प्रिंटिंगला वापरतात तशी चालते. स्वयंपाकघरातल्या गाळणीची जाळी या प्राण्यांना दरवाजाच ठरेल. जाळीमुळे वास बाहेर येतो, पण प्राण्याला बुरशीला शिवता किंवा चाखता येत नाही. ही जाळी नसेल तर तुमचा प्रयोग वासाचा राहत नाही, खाण्याच्या आवडीचा होतो. तोही वाईट नाही, पण प्रश्न वेगळा आहे.

शेवटी डिशच्या तळाला बाहेरून दोन समांतर रेघा मारा, म्हणजे मधोमध दोन सेंटिमीटरचा तटस्थ पट्टा तयार होईल. प्लॅस्टर अपारदर्शक असल्याने रेघा वरून दिसाव्यात म्हणून त्याच जागी झाकणावरही खुणा करा.

आमिष

सर्वांत सोयीचं आमिष म्हणजे धिंगरी अळिंबीचं स्पॉन, म्हणजे बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी वेढलेले धान्याचे दाणे. अळिंबी पिकवणारे स्प्रिंगटेलना उपद्रवी म्हणूनच ओळखतात, तेव्हा ओढ असण्याची शक्यता चांगली. एका टोपणात चार दाणे स्पॉन, दुसऱ्यात तेच धान्य, तितकेच दाणे, शिजवून थंड केलेले. हे दुसरं कोरं टोपण हाच प्रयोगाचा प्राण आहे. ते रिकामं ठेवलंत तर प्राणी बुरशीकडे गेले की नुसत्या ओल्या धान्याकडे, हे कधीच कळणार नाही. दोन्ही टोपणांत पाण्याचे सारखेच थेंब घाला.

प्रयोगशाळा हाताशी असेल तर बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, शुद्ध बुरशी वाढवा आणि तिचा गोल तुकडा एका बाजूला, कोऱ्या अगारचा तेवढाच तुकडा दुसऱ्या बाजूला ठेवा. अनेक जाती क्लॅडोस्पोरियम, अल्टरनारिया अशा काळसर रंगाच्या बुरशींवर खुशीने चरतात, म्हणून तुलनेला त्या चांगल्या. मात्र अनोळखी बुरशी घरी वाढवून उघड्या डिशमध्ये हाताळू नका. बीजाणू फुप्फुसात जातात, आणि दमा असणाऱ्याने तर या भानगडीत पडूच नये.

ताज्या अळिंबीचा कापलेला तुकडा हे मोहात पाडणारं, पण फसवं आमिष आहे. अळिंबी कापली की पेशी फुटतात आणि लिनोलेइक आम्लापासून आठ कार्बनचं एक अल्कोहोल भराभर तयार होतं. अळिंबीचा म्हणून जो वास आपल्याला ओळखीचा आहे, तो मुख्यतः याचाच. पण जपानी संशोधकांनी मात्सुताके अळिंबीवर काम करताना 2008 साली दाखवलं, की हेच अल्कोहोल प्रोइसोटोमा मायन्युटा या स्प्रिंगटेलला दूर पळवतं. म्हणजे कापलेल्या तुकड्यापासून प्राणी पांगले तर प्रयोग फसला असं नाही. तेही एक उत्तर आहे. फक्त पहिल्याच प्रयोगात अशी गुंतागुंत नको.

आधी कोरी चाचणी

खऱ्या आमिषाआधी दोन्ही टोपणांत कोरंच धान्य ठेवून पूर्ण प्रयोग करा. वीस प्राणी मधोमध सोडा, झाकण लावा, डिश अंधारात ठेवा, तासाने मोजा. असं निदान तीन-चार डिशमध्ये करून पाहा. जवळपास निम्मे-निम्मे विभागले गेले तर मैदान निःपक्ष आहे. एकाच बाजूला पुन्हा पुन्हा गर्दी झाली तर टेबल तिरकं असेल, एक बाजू जास्त ओली असेल किंवा फटीतून उजेड येत असेल. बिनडोळ्यांच्या जातीला उजेड कळत नाही असं गृहीत धरू नका. शरीराच्या इतर भागांतूनही प्रकाश जाणवू शकतो. कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. लोक नेमकी हीच चाचणी गाळतात आणि मग निकालांवर वाद घालत बसतात.

खरी चाचणी

प्राण्यांना आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवा. ओलावा द्या, अन्न देऊ नका. पोट भरलेला स्प्रिंगटेल वासाकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि फार उपाशी ठेवलेला सैरावैरा फिरतो.

आमिष लावताना डिशच्या बाजूंना फक्त ‘क’ आणि ‘ख’ अशी नावं द्या, आणि कोणत्या बाजूला काय आहे हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका. रेघेवर बसलेला प्राणी कोणत्या बाजूचा धरायचा हा निर्णय नकळत आपल्या अपेक्षेकडे झुकतो. निम्म्या डिशमध्ये बुरशी डावीकडे, निम्म्यांत उजवीकडे ठेवा.

टोपणांवर जाळी लावल्यावर लगेच प्राणी सोडू नका. वास पसरायला पाच-दहा मिनिटं द्या. मग कागदाच्या कपट्यावरून वीस प्राणी पट्ट्याच्या मध्यावर टिचकीने खाली उतरवा आणि झाकण लावा. पंधरा, तीस आणि साठ मिनिटांनी मोजा; मोबाइलवर झटकन फोटो काढून नंतर निवांत मोजणं जास्त बरं. त्याहून जास्त वेळ थांबण्यात अर्थ नाही. बंद डिशमध्ये वास सगळीकडे सारखा होत जातो आणि दिशा सांगणारा चढ-उतारच पुसला जातो.

एका खेपेनंतर तीच डिश तशीच वापरायची नाही. स्प्रिंगटेल एकमेकांच्या वासानेही गोळा होतात आणि जिथे आधी इतर बसून गेले तिथे थांबतात. गरम पाण्याने प्लॅस्टर धुऊन, पूर्ण वाळवून, पुन्हा भिजवून मगच पुढची खेप घ्या. गडद रंगाची जात असेल तर सोपा उपाय आहे: प्लॅस्टरवर ओला फिल्टर पेपर घाला, टोपणांच्या जागी भोकं पाडा आणि दर खेपेला कागद बदला.

आकडे कसे वाचायचे

एका डिशमध्ये वीसपैकी पंधरा बुरशीकडे गेले. नाणं वीस वेळा उडवलं तर पंधरा किंवा जास्त वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता, दोन्ही बाजू धरून, सुमारे 4 टक्के. म्हणजे निकाल पक्का? नाही. नाण्याच्या फेका एकमेकींवर अवलंबून नसतात, स्प्रिंगटेल असतात. दोन एका बाजूला बसले की तिसरा त्यांच्या वासाने येतो. त्यामुळे वीस प्राणी ही वीस स्वतंत्र मतं नव्हेत.

यावर साधा उपाय म्हणजे डिश हे एकक धरायचं. प्रत्येक डिशचा एकच निकाल: बुरशीकडे जास्त की कोऱ्याकडे. सहा डिश लावल्या आणि सहाही बुरशीकडे झुकल्या, तर केवळ योगायोगाने सगळ्या एकाच बाजूला जाण्याची शक्यता 32 मध्ये 1, म्हणजे सुमारे 3 टक्के. पाच डिश पुरत नाहीत; तिथे ती 16 मध्ये 1 राहते. दहा डिश लावणार असाल तर नऊ एका बाजूला हव्यात. आठवर समाधान मानू नका. तटस्थ पट्ट्यातले प्राणी कोणत्याच बाजूला धरू नका, पण त्यांची संख्या लिहून ठेवा. निम्म्याहून जास्त तिथेच बसून असतील तर ती डिश काहीच सांगत नाही.

वास की कार्बन डायऑक्साइड?

इतकं झाल्यावरही एक शंका उरते. जिवंत बुरशी श्वसन करते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. मातीतले अनेक प्राणी त्याच्याकडेही वळतात, कारण जिथे तो जास्त तिथे काहीतरी जिवंत आहे. मग तुमचे प्राणी बुरशीच्या खास वासाला भुलले की नुसत्या श्वसनाला?

याचा छडा दोन मार्गांनी लागतो. एक, सुकवलेली अळिंबी पाण्यात भिजवून त्याच दिवशी आमिष म्हणून वापरा आणि कोऱ्या बाजूला पाण्यात भिजलेला कागदाचा बोळा ठेवा. तिच्यात श्वसन जवळपास नाही, वास मात्र आहे. दुसऱ्या दिवशी तिच्यावर जिवाणू वाढतात आणि सगळं पुन्हा गढूळ होतं. दोन, जिवंत बुरशीच्या टोपणावर दोन जाळ्यांच्या मध्ये सक्रिय कोळशाच्या दाण्यांचा पातळ थर द्या. कोळसा वासाचे सेंद्रिय रेणू धरून ठेवतो, कार्बन डायऑक्साइड मात्र बराचसा जाऊ देतो. तोच थर कोऱ्या टोपणावरही हवा. कोळसा लावल्यावर ओढ संपली तर वासाची बाजू बळकट होते. टिकून राहिली तर श्वसनाकडे बोट जातं.

पुढे काय विचारता येईल

एकदा मैदान भरवशाचं झालं की खरे मजेचे प्रश्न सुरू होतात. बुरशी मुकाट्याने खाल्ली जात नाही. अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स या बुरशीतलं विषारी रसायनं बनवण्याचं नियंत्रण करणारं जनुक बंद पाडलं, तर फोल्सोमिया ती दुबळी बुरशी खाणं पसंत करतो, हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. लॅकारिया बायकलर ही झाडांच्या मुळांशी राहणारी बुरशी तर स्प्रिंगटेलना मारून त्यांच्यातला नायट्रोजन पाइनच्या झाडाला पुरवते. 2001 च्या प्रयोगात झाडातल्या नायट्रोजनपैकी चौथ्या हिश्श्यापर्यंतचा भाग असा आलेला होता. तेव्हा वास म्हणजे नेहमी जेवणाचं आमंत्रण असेलच असं नाही. कोवळी बुरशी आणि महिनाभर जुनी, किंवा न चरलेली आणि आधी स्प्रिंगटेलनी कुरतडलेली, अशी तुलना याच डिशमध्ये करता येते. फक्त दोन्ही टोपणांत बुरशी असली तरी कोरी चाचणी सोडायची नाही.

पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास मुख्यतः जिओस्मिन या रेणूचा असतो, आणि तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंकडून येतो. हे जिवाणू बुरशी नव्हेत, पण तंतूंसारखे वाढतात आणि बीजाणू करतात. 2020 मध्ये दिसून आलं, की जिओस्मिनचा वास फोल्सोमियाच्या स्पर्शिकांना कळतो आणि त्यांना ओढून घेतो. प्राणी जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून व विष्ठेतून दुसरीकडे पोहोचवतात. बीजाणू तयार होण्याच्या वेळीच हा वास सोडला जातो, म्हणजे हाक योग्य घटकेलाच दिली जाते.

कुणीच हललं नाही तर

हे वारंवार घडतं, आणि बहुतेक वेळा कारण कोरडेपणा असतं. स्प्रिंगटेल त्वचेतून श्वास घेतात आणि पटकन सुकतात. प्लॅस्टर बोटाला गार व ओलसर लागलं पाहिजे. दुसरं कारण थंडी: 15 अंशांखाली ते सुस्तावतात. तिसरं, कात टाकण्याची वेळ. स्प्रिंगटेल मोठे झाल्यावरही आयुष्यभर कात टाकत राहतात, आणि त्या काळात खाणं थांबवतात. एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांना वाढवलंत तर सगळे एकाच वेळी कात टाकायला बसू शकतात आणि अख्खी खेप वाया जाते. डबीत पांढऱ्या कोऱ्या काती विखुरलेल्या दिसल्या तर दोन दिवस थांबून उपास पुन्हा सुरू करा.

प्राणी सगळे एका कडेला, टोपणांपासून दूर, घोळक्याने बसले असतील तर डिशच्या धुण्यात साबणाचा अंश राहिला आहे का बघा. ही डिश धुवायला साबण कधीच वापरू नका. फक्त गरम पाणी.